बारीक सांध्यांची भिंत

दादा गेल्यावर घरी जो भेटायला आला तो एकच म्हणाला, देवमाणूस होता. दारात उभं राहून कोणी पढवून आत पाठवत होतं की काय कोण जाणे. देवमाणूस! अरे, वर्षभर याच माणसाच्या नावानं बोटं मोडत होतात ना? तो समोरून आला की रस्ता ओलांडून पलीकडे जात होतात ना? तेव्हा देव कुठे गेला होता त्याच्यातला? आणि खरं सांगायचं तर दादा देवमाणूस नव्हताच. शिष्ट होता. तोंडाचा फाटका होता. दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. मी त्याची सख्खी धाकटी बहीण. माझा नवरा गेल्यापासून त्याच्याच मागच्या खोलीत राहिले, दोन्ही वेळचं त्याच्या पुढ्यात वाढलं. मला नाही कळणार तर काय तुम्हाला कळणार?

म्हणून मीच सांगते. बोलते तसंच टाइप करते, चुकलं तर चुकलं.

दादा गवंडी. गावात सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते वजन, भिंत सरळ आहे का बघायला वरून सोडतात ते. त्याच्या खिशात ते कायम असायचंच, पण नाव पडलं ते त्याच्या नजरेमुळे. कोणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे नाही, भिंतीकडे बघायचा. एक डोळा मिटून. मग विचारायचा, "कोणी बांधली ही? आंधळ्यानं?" घरातली बाई चहाचे कप हातात घेऊन तशीच उभी. माझ्या सासरी पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "पोरगी दिली ती दिली, पण या भिंतीच्या कडेला झोपवू नका तिला." सासऱ्यांनी ते वाक्य मला मरेपर्यंत ऐकवलं. वहिनीनं चादरीची घडी घातली तर म्हणायचा, तिरकी आहे. वहिनी लवकर गेली. मी तर म्हणते, कंटाळून गेली.

पण हात होता त्याला. ते नाकारून चालणार नाही. दोन विटांच्या मधला सांधा एवढा बारीक धरायचा की करंगळीचं नख बसेल तेवढाच. दुसरे गवंडी बोटभर माल थापायचे नि वीट ठेवायचे, ते बघून हा पचकन थुंकायचा. "केक बनवतायत साले." त्याची भिंत उन्हात बघावी. लेकरानं पट्टी लावून वहीत रेघा माराव्यात तशी.

शाळेची नवी इमारत बांधायची ठरली तेव्हा सगळ्यांनी त्यालाच पुढे केलं. ती इमारत म्हणजे आता पाडली ती. तेव्हा ती नवी होती. ठेका मिळाला होता एका मऊ माणसाला. ठेकेदार म्हटला की दोन अंगठ्या, पोट, गाडी असं डोळ्यांपुढे येतं, हा तसला नव्हता. हा उन्हात डोक्याला रुमाल बांधून मजुरांबरोबर बसून डबा खायचा. वीट रचायचं मात्र काडीचं ज्ञान नाही. बापाचा धंदा होता म्हणून करत होता. दादाला इतका मानायचा की दादा सांगेल तिथे उभा राहायचा. त्याची मुलगी तेव्हा छोटी, बापाच्या मागे मागे कामावर यायची, दादाला ओळंबाकाका म्हणायची. आणि दादा? दादा त्या ठेकेदाराला पाठीमागे 'लोणी' म्हणायचा. "लोणी आलं बघ. उन्हात वितळेल."

आता भिंतीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय. शाळेची भिंत दुहेरी होती. आतली सिमेंटच्या ठोकळ्यांची, बाहेरची विटांची, आणि मधे हाताचा पंजा जाईल एवढी फट. ओल आत येऊ नये म्हणून. तर या दोन भिंतींनी एकमेकींना धरून राहावं म्हणून मधे लोखंडी पट्ट्या टाकतात. पट्टीचं एक टोक आतल्या भिंतीच्या सांध्यात, दुसरं बाहेरच्या. ठिकठिकाणी. पट्ट्या नसल्या तर बाहेरची भिंत नुसती एकटी उभी, कोणाचा आधार नाही. दिसायला काही फरक पडत नाही. बाहेरून कोणाला कळायचंही कारण नाही.

शाळा उभी राहिली. बाहेरच्या सगळ्या भिंती दादाच्याच हातच्या, पण रस्त्याकडची उंच भिंत म्हणजे त्याचा जीव. लोक येऊन हात फिरवायचे भिंतीवरून. दादा रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं चक्कर मारायचा, काम नसलं तरी. मी विचारलं, "कशाला जातोस रे, पळून जाणारेय का ती?" म्हणाला, "तू तुझी डाळ शिजव." स्वतःच्या पोराकडे बघायला जावं तसा जायचा. पोर नव्हतंच ना त्याला.

बरीच वर्षं गेली. दादाचा गुडघा गेला, काम सुटलं. आणि मग एका वादळात ती रस्त्याकडची भिंत वरच्या अंगानं सुटली आणि सगळीच्या सगळी शाळेच्या पटांगणात पालथी पडली. सुट्टीचा दिवस होता म्हणून. नाहीतर त्याच कोपऱ्यात पोरं डबे खातात. मी पुढचा विचार अजून करत नाही, करवत नाही.

मग आल्या इंजिनिअर बाई. उरलेल्या भिंतींना भोकं पाडली, आत बारीक कॅमेरा घातला, आणि सांगितलं की पट्ट्या नाहीतच. गंजून गेल्या असं नाही, कधी टाकल्याच नाहीत. एखाद्दुसरी सापडली, तीही तळाला. इमारत काढावी लागेल.

झालं. गावाला काय, चोर पाहिजे होता, तो मिळाला. पट्ट्या कोणी खाल्ल्या? ठेकेदारानं खाल्ल्या. लोखंड विकलं, पैसा केला. कोणी विचार केला नाही की पैसा केला असता तर तो माणूस गळक्या घरात का राहिला असता. त्याच्या फाटकावर रात्रीत कोणीतरी डांबरानं 'चोर' लिहिलं. ज्यानं लिहिलं तो त्या शाळेत जाऊन दुसरी कुठली अक्षरं शिकला असता तर बरं झालं असतं. मुलगी घासत बसायची, डांबर काही जाईना. ठेकेदार तेव्हा आजारीच होता, अंथरुणावर. येईल त्याला सांगायचा, मी पट्ट्या आणल्या होत्या हो, पोती भरून आणल्या होत्या. येणारे मान हलवायचे आणि बाहेर येऊन हसायचे. त्यातच गेला तो.

दादाही भेटून आला होता त्याला. मी विचारलं, कसे आहेत? म्हणाला, "लोणी ते. वितळलं." आणि जेवायला बसला. जेवला मात्र नाही. मला वाटलं, भिंत पडल्याचं दुःख. संध्याकाळची चक्करही बंद केली होती त्यानं. कुठे बघणार, ढिगाऱ्याकडे?

शाळा भरत होती एका रिकाम्या गोदामात. पत्र्याखाली पोरं नुसती भाजून निघत होती. इंजिनिअर बाई म्हणाल्या, जुना पाया चांगला आहे, पण त्याच्यावर पुन्हा तेवढं वजन नको. लाकडी सांगाड्याची शाळा उभारू. हलकी, आणि लवकर होते. भिंतींचे तुकडे कारखान्यात आधी तयार करायचे, आणून उभे करायचे, जोडायचे.

लाकूड म्हटल्यावर गावात जी अक्कल पाजळली गेली! वाळवी लागेल. पेटेल. पोरं चाकूनं नावं कोरतील. शाळा समितीचे अध्यक्ष तर छातीवर धोंडा पडल्यासारखे बसले. त्यांचं फरशीचं दुकान. लाकडी शाळेत फरशी किती लागणार हा त्यांच्या पोटातला खरा गोळा, पण बोलताना म्हणायचे, "आपल्या पुढच्या पिढीच्या सुरक्षेचा प्रश्न आहे." दादा घरात बसून हसायचा. "शाळा बांधतायत का संत्र्यांची पेटी? खिळे ठोकायचे नि झालं? एका माणसाला ओळंबा सोडता यायचा नाही त्यात."

पण शेवटी लाकूड ठरलं, कारण दुसरं परवडत नव्हतं आणि थांबायला वेळ नव्हता. आता ते काम करणार कोण? जवळपास लाकडाचे सांगाडे बनवणारा एकच कारखाना, तो ठेकेदाराच्या मुलीचा. बापाचा धंदा सोडून ती सुतारकाम शिकली, बाहेर राहून शिकली, पाच-सहा माणसं हाताखाली. काम चांगलं म्हणून नाव होतं. तरी समितीनं तोंड वाकडं केलं. चोराच्या पोरीला काम? पुन्हा? अध्यक्ष म्हणाले, गावाचं मत घेऊ. सभा बोलावली त्याच गोदामात.

मी होते तिथे. दादा पण आला, काठी घेऊन, लोक कसे मूर्खासारखे बोलतात ते बघायला. त्याची करमणूकच होती ती. ठेकेदाराची मुलगी भिंतीला टेकून उभी, हाताची घडी, केसात लाकडाचा भुसा. खुर्ची होती, बसली नाही.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते बोलतात तेव्हा आधी दुकानातलं गिऱ्हाईक घालवायचं असल्यासारखं खाकरतात. म्हणाले, "माझा या मुलीवर राग नाही. पण रक्त आहे. बापानं गावाला फसवलं. आणि कोणाकोणाला फसवलं? आपले मिस्त्री इथे बसलेत. इतका गुणी हात! त्या गरीब बिचाऱ्याला काय माहीत असणार पट्ट्या असतात का बिट्ट्या असतात. ठेकेदारानं दिल्या नाहीत, यांनी टाकल्या नाहीत. अडाणी माणसाला कळणार कसं?"

मला बाजूला दादाची काठी आपटलेली ऐकू आली.

"कोणाला बिचारा म्हणतोस रे फरशीवाल्या?"

अध्यक्ष हसले. "मिस्त्री, मी तुमच्या बाजूनंच बोलतोय."

"माझ्या बाजूनं बोलायला तू कोण? मला पट्ट्या माहीत नाहीत? तुझ्या दुकानात तू फरश्या पुसत होतास तेव्हापासून मला पट्ट्या माहीत आहेत." उठायला गुडघा देत नव्हता, मी हात दिला तर झटकला. "आणि त्या लोण्याला अक्कल होती का मला फसवायची? त्याला वीट कुठल्या बाजूनं धरायची ते कळत नव्हतं. तो मला फसवणार? पट्ट्या आल्या होत्या. सगळ्या आल्या होत्या. मी नाही टाकल्या."

मला कळेना हा काय बोलतोय. मी म्हटलं, "दादा, बस खाली."

"तू गप्प बस गं. ती पट्टी जाड यायची. आतल्या ठोकळ्याचा थर आणि माझ्या विटेचा थर कधी एका पातळीत येत नव्हता. मग ती तिरकी बसायची, आणि जिथे बसेल तिथे सांधा फुगायचा. ओठ सुजल्यासारखा. माझ्या भिंतीला ओठ सुजलेला चालणार होता काय मला? खालचे थर टाकले, बघितलं, काढून फेकल्या. म्हटलं भिंत ओळंब्यात आहे, तिला कशाला कोणी धरायला पाहिजे."

शब्दन् शब्द असंच बोलला. पश्चात्ताप बिश्चात्ताप काही नाही. कोणीतरी त्याला कमी लेखलं, ते त्याला सहन झालं नाही, एवढंच. चूक करायलासुद्धा त्याच्या मते त्याच्याएवढा हात लागत होता. ती चूक दुसऱ्या कोणाच्या नावावर, तेही लोण्याच्या नावावर, त्याला बघवली नाही. मी सख्खी बहीण, म्हणून म्हणते. बाहेरच्यानं म्हटलं तर जीभ हासडीन.

अध्यक्षांनी लगेच आवाज मऊ केला. "मिस्त्री, उन्हातून आलात. पाणी द्या रे यांना. वय झालं की होतं असं."

"जिन्याखाली खणा," दादा म्हणाला. "पुढच्या पायऱ्यांच्या भरावात दोन पोती आहेत. पट्ट्या उरल्यात हे लोण्याला दिसू नये म्हणून तिथे गाडली. रिकामी पोती तरी दाखव म्हणायचं. मागितली नाहीत त्यानं. मला विचारलं फक्त, टाकल्यात ना मिस्त्री? मी म्हटलं, डोळे आहेत ना, भिंत बघ. बघितली आणि खूश झाला. गाढव."

ती मुलगी भिंतीपासून हलली नाही. नुसती दादाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघू शकले नाही, खोटं कशाला सांगू.

इंजिनिअर बाईंनी दुसऱ्या दिवशी पायऱ्या खणायला लावल्या. पोती कुजून गेली होती, पण पट्ट्या होत्या, गंजून एकमेकींना चिकटून एक गोळा झाला होता. दोन माणसांनी उचलून बाहेर ठेवला. सगळं गाव बघायला. जे लोक ठेकेदाराला चोर म्हणत होते ते त्या गोळ्याभोवती असे उभे होते, जसं काही त्यांनीच शोधून काढला. आणि कोणाच्या तोंडून 'चुकलो' एवढं आलं असेल तर शपथ. डांबराचं फाटक कोणी जाऊन घासलं नाही. काम तिला दिलं, कारण न द्यायला आता कारण उरलं नव्हतं. अध्यक्षांनी तिला सांगितलं, "बघ, समितीनं मोठं मन दाखवलं." तिनं विचारलं, "कुठाय?" त्यांना कळलंच नाही.

मग लोक दादाच्या मागे लागले. ज्यांची घरं त्यानं बांधली होती ते भिंतींवर टकटक करत फिरायला लागले. साध्या एकेरी भिंती हो! त्यात पट्टी असतच नाही! पण नाही, कान लावून ऐकायचे. एक बाई आमच्या दारात येऊन ओरडून गेली की न्हाणीघरात चीर पडलीय. ती चीर तिच्या नवऱ्यानं खिळा ठोकला तेव्हापासूनची. दुकानात मला सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवायला लागले. कोणी पोरानं आमच्या दाराला ओळंब्याचं चित्र काढून खाली वाकडी भिंत काढली. दादानं एक डोळा मिटून बघितलं. "ओळंबासुद्धा तिरका काढलाय गाढवानं," म्हणाला. पण त्या दिवसापासून पुढचं दार उघडेना झाला, मागच्यानंच जा-ये.

मला त्याचा राग आलाच होता. मी बोलले त्याला. म्हटलं, "पोरं असती त्या पटांगणात तर?" तो ताट जवळ ओढायला लागला. म्हटलं, "अरे, निदान तो माणूस जिवंत असताना?" तर म्हणाला, "भाजीत मीठ नाही." मी ताट उचललं त्याच्या पुढचं. तसाच उपाशी बसून राहिला, मागितलं नाही.

काही दिवसांनी ती आली. ठेकेदाराची मुलगी. उंबऱ्यावरच उभी राहिली. मी म्हटलं, "ये बाई, बस." म्हणाली, "नको मावशी. यांच्याशी बोलायचंय." दादा खुर्चीत. तिनं त्याला काका म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही.

"तुम्ही आला होतात बघायला त्यांना. पलंगाशी बसला होतात. त्यांनी तुमचा हात धरला होता. म्हणाले, मिस्त्री, तुम्ही तरी सांगा लोकांना, मी आणल्या होत्या. आठवतं तुम्ही काय म्हणालात?"

दादा काठीची मूठ पुसायला लागला.

"तुम्ही म्हणालात, औषध घेतलंस का. मी तिथेच उभी होते पाण्याचा पेला घेऊन."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

ती म्हणाली, "उद्यापासून शाळेच्या कामावर यायचं तुम्ही. माझी प्रत्येक भिंत झाकायच्या आधी आतून बघायची. तुम्ही बघितल्याशिवाय मी एक फळी मारणार नाही. काम थांबलं तर तुमच्यामुळे थांबलं असं सगळ्यांना सांगेन."

"मला लाकडातलं कळत नाही," दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून मी ऐकलं की त्याला काही कळत नाही.

"पट्ट्या तर कळतात ना," ती म्हणाली आणि गेली.

आणि दादा गेला हो! कुरकुरत, शिव्या घालत, पण गेला. रोज. मी डबा घेऊन जायचे म्हणून मला माहीत. तिथे क्रेननं भिंतीचे तुकडे उचलून आणायचे, आत उभे खांब, आडवे खांब, पायाला धरून ठेवायला लोखंडी पट्ट्या, कोपऱ्याला पट्ट्या, मजल्याला पट्ट्या. मधे ऊन आत येऊ नये म्हणून लोकरीसारखं काही भरायचे. आणि फळ्या मारून झाकायच्या आधी ती हाक मारायची, सगळ्या कामगारांसमोर, "ओळंबा आलेत का? बोलवा. बघू देत." काय तिरस्कार होता त्या हाकेत! कामगार गालात हसायचे. हा काठी टेकत यायचा, चष्मा पुसायचा, एकेका पट्टीला बोट लावायचा. "ही हलते." एक कामगार पट्टी धरून लोंबकळायचा, "कुठे हलते आजोबा?" "मग तू हलतोस. खाली उतर." जिना व्हायच्या आधी शिडीवरून वर चढला त्या गुडघ्यानं. मी खालून ओरडतेय, तो वरून ओरडतोय, "तू वर बघू नकोस, चक्कर येईल तुला."

लोकांना वाटलं, म्हातारा सुधारला. लोकांना काहीही वाटतं. मला विचारा तो काय करत होता. तो चूक शोधत होता. एक खिळा कमी असावा, एक पट्टी राहिलेली असावी, म्हणजे तोंड वर करून सांगता येईल की बघा, तुम्हीही! घरी येऊन चिडलेला असायचा. "आज पण काही नाही. सगळं जागच्या जागी. बाई आहे का कोण आहे?" एकदा तर संशयानं त्यानं झाकलेली फळी काढायला लावली. ती स्वतः काढायला लागली. आत सगळं ठीक. पुन्हा मारली. "आणखी कुठली काढू?" म्हणाली. तो म्हणाला, "फळी ओळंब्यात नाही." तिनं हात पुढे केला. यानं खिशातला ओळंबा काढून दिला. तिनं सोडला, वजन डुलून थांबलं, दोघंही बघत होते. फळी ओळंब्यात होती. तिनं दोरी गुंडाळून परत दिली. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं त्याला.

अध्यक्ष मधे मधे यायचे फोटो काढून घ्यायला. लाकडाच्या विरोधात हाच माणूस बोंबलत होता हे आता तोही विसरला होता. "मी पहिल्यापासून सांगत होतो, लाकूडच." दादा म्हणाला, "सरक बाजूला, सावली पडतेय पट्टीवर."

शेवटची भिंत बघून झाली त्या दिवशी ती त्याला म्हणाली, "झालं. आता उद्यापासून येऊ नका." एवढंच. दादा घरी आला, खुर्चीत बसला, बूट काढले नाहीत. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाला, "हाकललं मला." मी भांडी घासत होते, पाठीमागून आवाज आला, "काम चोख आहे तिचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जन्मात कोणाच्या कामाला हा शब्द वापरला नव्हता त्यानं. म्हटलं, "काय म्हणालास?"

"ऐकलंस ना? पुन्हा कशाला सांगू?"

"मग तिला सांग की."

"मला काय गरज पडलीय," म्हणाला आणि तोंड फिरवलं.

शाळा भरायला लागली आणि मग थोड्याच दिवसांत दादा गेला. दुपारचा चहा घेऊन गेले तर खुर्चीतच. माझ्याशी सकाळी कशावरून तरी भांडला होता, ते भांडण तसंच अर्धवट टाकून गेला. मी कोणाशी पुरं करू ते आता? हाक मारली की 'काय कटकट आहे' असं कोणी म्हणत नाही. घरात एवढी शांतता आहे की अंगावर येते.

भेटायला सगळे आले, म्हटलं ना. अध्यक्ष तर आधी आले. फक्त ती आली नाही. मी तिच्या न येण्याची वाट बघत होते म्हणा ना. एकटी तीच खरी निघाली.

काल मी तिच्या कारखान्यात गेले. यंत्र चालू होतं, मला बघून बंद केलं. स्टूल पुढे सरकवलं, या वेळी मी बसले नाही. म्हटलं, "बाई, मी काही मागायला आले नाही. एक सांगायचं राहिलं होतं. तो म्हणाला होता, काम चोख आहे तिचं. तोंडावर बोलला नसता तो कधी, म्हणून मी आले."

ती हातातल्या लाकडावरचा भुसा झटकत राहिली.

"मला माहीत होतं ते, मावशी," म्हणाली. "चूक सापडली असती तर ते गप्प बसले असते का? मला नको होता त्यांचा शब्द. माझ्या बापाला हवा होता. पलंगावर पडून रोज विचारायचा, मिस्त्री आले होते का गं, काही बोलले का."

माझ्याकडे दादाच्या वतीनं द्यायला काही नव्हतं. तिनं यंत्र चालू केलं, मी बाहेर आले. दारात एक माणूस भेटला, ओळखीचाच, मोठा सुस्कारा सोडून म्हणाला, "गेले हो मिस्त्री, देवमाणूस होता." मी म्हटलं, "नव्हता. आणि तूही नाहीस." आणि घरी आले.